धारेला गेलेली कात्री

माझी ताई कटर आहे. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे शिवते का? शिवत नाही. शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात ढीगभर आहेत. ताई कापते. दवाखान्यातल्या नर्सचे कोट, हॉटेलातल्या वाढप्यांची जाकिटं, ड्रायव्हरांचे शर्ट, असले सगळे गणवेश आमच्याकडे तयार होतात आणि त्यांचा पहिला घाव ताईच्या हातचा असतो. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने खुणा करायच्या आणि मग त्या भल्यामोठ्या कात्रीने सरळ कापत जायचं. शिलाई चुकली तर उसवता येते. कापताना चुकलं की सगळा थर वाया, आणि मालक दिवसभर डोकं खातो.

मी त्याच कारखान्यात काज-बटणं करते. ताईच्या टेबलाच्या मागे माझी खुर्ची. त्यामुळे तिची पाठ मी जितकी पाहिली आहे तितकं तिचं तोंडही पाहिलेलं नसेल.

कटर लोकांचा एक नियम असतो. प्रत्येकाची कात्री ज्याची त्याची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही आणि आपणही दुसऱ्याची उचलायची नाही. हाताची सवय कात्रीला लागते, असं ते म्हणतात. मी नवी होते तेव्हा एकदा ताईच्या कात्रीने एक धागा तोडला. एकच धागा, तोही सुती. ताई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. सख्खी बहीण! घरी गेल्यावर आईकडे माझी तक्रारसुद्धा केली, जणू मी कुणाचा गळा कापला होता.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत भाऊजींचं दुकान आहे. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मध्ये एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा आणि त्यात धारेचं चाक. न्हाव्यांच्या कात्र्या, हॉटेलातल्या सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या, सगळं तिथे धारेला येतं. ताई आणि भाऊजींची ओळख तिथलीच. ताईने कात्री धारेला दिली, परत घेताना तिथेच पिशवीतून कापडाचा तुकडा काढून कापून पाहिला, टोकाशी कापड तुटेना, तशी म्हणाली, "टोकाला चावत नाही." त्याने पुन्हा धार लावली. पुन्हा म्हणाली, "टोकाला नाही चावत." तिसऱ्यांदा त्याने चाकाजवळची आपली पाटासारखी बैठक पुढे सरकवली आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच बसा." आमच्या माहितीप्रमाणे तेवढं एकच वाक्य तो लग्नाच्या आधी तिच्याशी बोलला. आई म्हणाली, माणूस घुमा आहे पण भांडण तरी होणार नाही. ते खरं ठरलं. ताई भांडते आणि भाऊजी चाक फिरवतात.

ताईचं दुखणं लग्नाच्या आधीपासूनचं. उजवा खांदा, तिथून मान आणि मानेतून वर चढत उजव्या डोळ्याच्या मागे. थोडं थोडं तर रोजच दुखायचं, त्याला ती दुखणं म्हणायचीच नाही. पण मधूनच काही दिवस असे यायचे की तिचा जबडासुद्धा धरायचा, उजेड नको वाटायचा, केस विंचरायला हात वर जायचा नाही. मग पुन्हा आपोआप उतरायचं. डॉक्टर केले. एकाने मलम दिलं, एकाने उशी बदलायला सांगितली. एकाने एक्स-रे काढला आणि त्यात काही नाही म्हणून असा खूश झाला जणू ताई परीक्षेत पास झाली. एकजण म्हणाला, मनावर ताण घेऊ नका. त्याच्या दवाखान्यातून बाहेर पडताना ताईने दार असं लावलं की ताण कशाला म्हणतात ते त्याला कळलं असेल.

लग्नानंतर थोड्याच काळात भाऊजींनी तिला एक कात्री दिली. एका म्हाताऱ्या शिंप्याने धंदा बंद करताना विकलेली, जड, जुन्या पोलादाची. भाऊजींनी ती सगळी खोलून, घासून, मुठीच्या आतल्या कडा ताईच्या अंगठ्याच्या मापाने कानशीने गोल केल्या आणि अंगठ्याच्या कडीला आतून मऊ चामडं लावलं. बायकोला दागिना देणारे खूप असतात. हा माणूस बायकोचा अंगठा मोजत बसला होता. मला तेव्हा हसू आलं होतं आणि थोडा हेवाही वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आणि ती कात्री हातात आली तसं ताईचं दुखणं गेलं.

हळूहळू नाही, एकदम गेलं. त्याच सुमारास तिला दिवस राहिले होते. सुरुवातीच्या ओकाऱ्या संपल्यावर ती पोट सांभाळत टेबलाशी उभी राहायची आणि गाणं गुणगुणत कापायची. ताई गुणगुणते हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. भाऊजी रोज संध्याकाळी तिला विचारायचे, "खांदा?" ती म्हणायची, "नाही." एवढंच त्यांचं बोलणं, पण भाऊजी मग गल्लीतून असे चालायचे की चावीवाल्याने एकदा विचारलं, लॉटरी लागली का म्हणून.

माझी भाची जन्मली आणि पाचसहा दिवसांत दुखणं परत आलं, व्याजासकट. ताई बाळाला उचलताना रडायची. कात्री तेव्हा पेटीत पडून होती. कामावर परतल्यावर पहिल्याच वाईट दिवशी ताई म्हणाली, "कात्री नीट चालत नाहीये." भाऊजींनी ती पिवळ्या फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून दुकानात नेली. चाकाला लावली नाही. ताईची कात्री चाकावर नाही, ओल्या दगडावर हाताने घासायची, असा त्यांचा नियम. गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढत घासायची म्हणजे दोनतीन दिवस सहज जायचे. कात्री परत आली, ताईने एक तुकडा टोकापर्यंत कापला, ठीक म्हणून मान हलवली. आणि खांद्याचं दुखणं उतरलेलं होतं.

तिथून ते सुरू झालं ते झालंच. वर्षानुवर्षं. महिन्यातून एकदा ताईचा चेहरा पडायचा, खडूच्या रेघा जाड यायला लागायच्या, आणि त्याच संध्याकाळी भाऊजी फडकं घेऊन हजर. तिने सांगायच्या आधी. कात्री धारेला गेली की ताई दुसऱ्याची हातात धरायची नाही, त्यामुळे ती खुर्चीवर बसून खुणा करायची, कापडाच्या घड्या घालायची. मालक कुरकुरायचा. आमच्या मालकाला सगळे टेप म्हणतात, कारण गळ्यातला टेप काढून तो झोपतो की नाही याची कुणालाच खात्री नाही. टेप म्हणायचा, "जगातल्या कात्र्या एका दिवसात होतात, तुझ्याच नवऱ्याला काय विमान बनवायचं असतं?" ताई खडू मारत राहायची. मग कात्री यायची आणि ताई बरी व्हायची. मी स्वतःच्या डोळ्यांनी इतक्या वेळा पाहिलं की माझाही पक्का विश्वास बसला. बोथट कात्रीला जोर लागतो, जोर लागला की खांदा भरतो. यात न पटण्यासारखं काय होतं?

भाऊजींना तर पटलेलंच होतं. डॉक्टरांना जमलं नाही ते आपल्याला जमतं, हे त्या घुम्या माणसाने कधी तोंडाने म्हटलं नाही. पण ताईची कात्री घासताना तो दुकानाचं फळकुट अर्धं ओढून घ्यायचा, म्हणजे कुणी मध्ये बोलायला येऊ नये.

गेल्या वर्षी ते बिघडलं.

ताई आता त्या वयाची झाली जिथे पाळीचा काही नेम राहत नाही. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरवड्यात पुन्हा हजर. मी तिच्याहून लहान, मला ती हे सांगायची आणि आम्ही हसायचो. पण तिचं दुखणंही तसंच बेभरवशाचं झालं. पूर्वी येऊन जायचं, आता येऊन मुक्काम ठोकायचं. कात्री धारेला जायची, परत यायची, ताई टोकापर्यंत कापून पाहायची आणि मान हलवायची, पण तिच्या कपाळावरची आठी हलत नसे. भाऊजी ती आठी बघायचे. दुसऱ्या दिवशी कात्री पुन्हा फडक्यात.

कात्री किती वेळा घासणार? पोलाद झालं तरी काय, झिजतंच. माझ्या दोन बोटांएवढं रुंद पातं होतं, ते अरुंद झालं. टोकाशी दोन पात्यांमधून उजेड दिसायला लागला. ताई एकदा कात्री डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत बसली होती. म्हणाली, "अजून एकदोनदा घासली की संपली ही."

आणि तिकडे भाऊजी आपले तळवे बघत बसायचे. जेवताना घास हातात तसाच. एके दिवशी त्यांनी त्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला, कात्र्या परत दिल्या आणि म्हणाले, "दुसरीकडे टाका. माझा हात गेला." न्हावी घाबरून कारखान्यात ताईला सांगायला आला. त्याच संध्याकाळी भाऊजी ताईला म्हणाले, "चाक विकून टाकतो."

चाक विकतो म्हणजे काय? हा माणूस चाकाशिवाय काय आहे? ताईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा जबडा दुखण्याने धरलेला होता आणि ती दातांवर दात ठेवूनच बोलत होती. मी म्हटलं, उठ. तिला धरून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ती नको नको म्हणत होती, पण माझाही आवाज काही कमी नाही.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. मी त्यांना चष्मा दाखवला, तेवढ्यावर आमचं जमलं. त्यांनी ताईचा खांदा दाबून पाहिला, हात फिरवून पाहिला, डोळ्यात टॉर्च मारला. मग विचारलं, "पाळी कशी येते?"

ताई वैतागली. "खांदा दुखतो हो माझा."

"खांद्याचंच विचारतेय," बाई म्हणाल्या. "मूल आहे? तेव्हा, पोटात असताना, दुखायचं?"

ताई म्हणाली, "तेव्हा नव्हतं दुखत. पण ते कात्रीमुळे." आणि तिने कात्रीची सगळी कथा सांगितली. चामडं, फडकं, ओला दगड, सगळं. मला वाटलं आता बाई हसणार आणि मग मी त्यांना ऐकवणार. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कात्री धारेला साधारण कधी जायची? पाळीच्या आधी की नंतर?"

ताईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ती बोटांवर मोजत आठवत होती. मी पण आठवत होते. कात्री धारेला गेली की ताई बाथरूमच्या बाजूच्या कपाटातून पॅडचं पाकीट काढायची. ते मीच तिला दुकानातून आणून द्यायचे. इतकी वर्षं आमच्या नाकासमोर होतं.

"आधी," ताई म्हणाली. "नेहमी एकदोन दिवस आधी."

बाईंनी मग समजावलं, घाई न करता. बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं. ते फक्त मूल होण्यापुरतं नसतं, मेंदूशी आणि नसांशीही त्याचा संबंध असतो. नसांनी दुखणं किती मोठ्याने ओरडून सांगायचं, यात त्याचा हात असतो. पाळीच्या तोंडावर ते झपकन खाली येतं. काही बायकांना त्या उतारावर डोकं धरतं, सांधे, मान, जबडा, जिथे आधीच दुखतंय ते दुप्पट होतं. दोनचार दिवसांनी शरीर सावरतं. गरोदरपणात ते खूप वाढतं आणि बराच काळ खाली येत नाही, म्हणून काहींना त्या महिन्यांत आराम पडतो. सगळ्यांना नाही, काहींचं उलट वाढतंही. बाळंत झाल्यावर ते एकदम कोसळतं. आणि पाळी जायच्या वयात ते कधी वर, कधी खाली, कसंही नाचतं.

"म्हणून आता नेम नाही," मी म्हटलं.

"म्हणून नेम नाही. लहानपणी मुलामुलींचं दुखणं सारखंच असतं बहुतेक. वयात आल्यावर मुलींचं वाढतं. पुरुषांच्या हार्मोनमुळे त्यांना थोडं संरक्षण मिळत असावं, असंही दिसतं. सगळं अजून कळलेलं नाही. हार्मोन हे एकच कारण नसतं, वाकून काम करणं आहे, झोप आहे. पण यांच्या बाबतीत त्याचा वाटा मोठा आहे."

"म्हणजे मिशा असत्या तर बरं झालं असतं," मी म्हटलं. बाई हसल्या. ताई नाही हसली.

बाईंनी काही तपासण्या लिहून दिल्या. त्या ठीक आल्या तर अंगाला चिकटवायची हार्मोनची पट्टी देऊन पाहू म्हणाल्या, ती काहींना मानवते, काहींना नाही. मानेचे व्यायाम दाखवले. आणि दुखणं चढायला लागतं तेव्हाच घ्यायची गोळी दिली, पूर्ण चढल्यावर नाही.

मला तर आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या बहिणीला मनावर ताण घेऊ नका असं न म्हणता नीट काहीतरी सांगितलं होतं. पण बाहेरच्या बाकावर बसल्यावर ताई रडायला लागली. पदराने नाही, दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून, लहान मुलीसारखी.

"अगं, वेड लागलं का? औषध मिळालं ना?"

"ह्यांना काय सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या धारेने काहीच होत नव्हतं, असं सांगू? आपोआपच उतरायचं ते. मी आयुष्यभर त्या माणसाला दगडावर राबवलं."

आता यावर काय बोलणार? सांगितलं नाही तर भाऊजी ती कात्री घासून घासून संपवणार आणि शेवटी आपला हातच गेला म्हणून चाक विकणार. सांगितलं तर त्यांचा हात कधी चाललाच नव्हता असं होणार. मी म्हटलं, सांगूच नकोस, औषधाने बरं वाटलं की म्हण, धारेने वाटलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला. तिने नवऱ्याला कधी खोटं सांगितलेलं नाही. टोकाला चावत नसेल तर चावत नाही, हेच तिने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

पण सांगवेनाही. दिवस जात राहिले. तपासण्या झाल्या, पट्टी सुरू झाली, ताई ती ब्लाउजच्या आत लपवायची. आणि एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती हात धुवायला गेली तेव्हा भाऊजी येऊन कात्री घेऊन गेले. परत आली तर टेबल रिकामं. ती तशीच, ओल्या हातांनी गल्लीत धावली. मी मागोमाग.

फळकुट अर्धं ओढलेलं होतं. आत दगड ओला केलेला, त्यावर पाण्याचा थर चमकत होता. भाऊजींनी कात्रीचा स्क्रू काढून दोन्ही पाती वेगळी केली होती आणि एक पातं दगडावर टेकवतच होते.

"अहो, थांबा," ताई म्हणाली.

ते थांबले.

"हिला धार आहे. धार कधी गेलीच नव्हती. माझं पाळीचं दुखणं आहे ते." आणि गल्लीत उभं राहून, शेजारी चावीवाला कान टवकारून बसलेला असताना, माझ्या ताईने नवऱ्याला सगळं सांगितलं. हार्मोन, उतार, बाळंतपण, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. आमच्या घरात पाळी हा शब्द आम्ही बायकासुद्धा कुजबुजत बोलतो. चावीवाल्याने उगीचच एक चावी कानशीने घासायला घेतली.

भाऊजींनी ऐकून घेतलं. हातातलं पातं फडक्याने कोरडं केलं. मग विचारलं, "त्या वेळीसुद्धा? पहिल्यांदा कात्री दिली तेव्हा?"

"तेव्हा मला दिवस राहिले होते," ताई म्हणाली. "त्यामुळे."

"मग एवढी वर्षं मी काय करत होतो?"

भाऊजींनी कात्री पुन्हा जोडली, स्क्रू आवळला, तिच्या हातात दिली आणि फळकुट पूर्ण ओढून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस दुकान उघडलं नाही. ताई घरी त्यांच्याभोवती घुटमळायची, ते खिडकीशी बसून असायचे. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. माणूस रागावला असता तर समजावता आलं असतं. हा नुसता रिकामा झाला होता.

तिसऱ्या दिवशी ताईला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. आम्ही निघालो तर भाऊजी चपला घालून दारात उभे. कुठे म्हणून विचारायची आमची छाती झाली नाही. तिथे ते भिंतीला टेकून उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी खाकरून विचारलं, "ते उतरायला लागतं, ते आधी कळतं का?"

"पूर्वी तारखेवरून कळलं असतं," बाई म्हणाल्या. "आता या वयात तारखेचा भरवसा नाही. पण काहींना आदल्या दिवशी खुणा दिसतात. स्वतःला नाही कळल्या तरी घरच्यांना कळतात कधीकधी."

"मला कळतं," भाऊजी म्हणाले.

बाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "कसं?"

"डावी भुवई वर जाते. बोलताना वाक्याचा शेवट खाते. आणि हातातली वस्तू ठेवते ना, ती जरा जोरात ठेवते." एवढं बोलून त्यांना लाज वाटली असावी, कारण ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. ताई त्यांच्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिची पाठ बघणारी मी, मला त्या भुवईचा पत्ता नव्हता.

"मग गोळी कधी घ्यायची ते तुम्हीच सांगत जा यांना," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर कळेल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. न्हाव्याच्या कात्र्या परत मागवल्या गेल्या.

आता ताई बरी आहे असं म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण पूर्ण बरी नाही. पट्टीने पुष्कळ फरक पडला. रोजचं दुखणं निम्म्यावर आलं. कधीकधी ती गुणगुणते, आणि मग मी मुद्दाम माझी मशीन थांबवते. पण अधूनमधून एखादा वाईट काळ येतोच. बाई म्हणतात, पाळी कायमची थांबली की शरीर हळूहळू स्थिरावेल, बऱ्याच जणींचं स्थिरावतं.

परवा तसा काळ आला. मला काही कळलं नव्हतं. सकाळी ताईने खडूची डबी टेबलावर ठेवली, नेहमीसारखीच वाटली मला. पण बहुधा ती घरी चहाचा कप जरा जोरात ठेवून आली असणार, कारण थोड्याच वेळात भाऊजी कारखान्याच्या दारात. हातात पिवळं फडकं.

"धारेला नेतो," ते म्हणाले.

ताई काहीतरी बोलणार होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने कात्री पुढे केली. भाऊजींनी खिशातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि गेले. टेप मागून ओरडला, "अहो, मोठी ऑर्डर आहे! कधी मिळेल?" भाऊजी वळले नाहीत. ताई खुर्ची ओढून बसली आणि कापडावर खुणा करायला लागली.

मला वाटलं, याच्या डोक्यात शिरलंच नाही, हा माणूस पुन्हा ती कात्री दगडावर झिजवणार. दुपारी टेपने मला पाठवलं, जाऊन बघ किती झालं. मी भांडायच्या तयारीनेच गेले.

फळकुट अर्धं ओढलेलं होतं. दगड कोरडा ठणठणीत. भाऊजी हॉटेलातल्या सुऱ्या चाकावर लावत बसले होते. कात्री वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेली.

"धार लावली नाही?" मी विचारलं.

त्यांनी चाक थांबवलं. "कशाला? धार आहे तिला. झिजवून कसं चालेल, अजून बरीच वर्षं चालवायची आहे."

"मग आणली कशाला?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, इतक्या वर्षांत ही कशी एवढी बोलते आणि हिला काही कळत कसं नाही, असं. "कात्री इथे असली की तिला तिथे कापता येत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याची ती धरायची नाही. मग टेप कितीही ओरडला तरी ती बसून राहते. पूर्वी तेवढेच दोनतीन दिवस तिच्या खांद्याला मिळायचे." ते हातातली सुरी पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी तेच करत होतो, असं आता वाटतं."

डोळे भरून आले ते मी चाकाच्या धुळीवर ढकलले. भाऊजींनी मला पाणी दिलं आणि चाक पुन्हा सुरू केलं.

मी कारखान्यात परत आले. टेप दारातच उभा होता, टेपची दोन्ही टोकं हातात धरून. "काय? झाली का?"

ताई मान खाली घालून खुणा करत होती. खडूची रेघ बारीक होती, हात अजिबात ताणलेला नव्हता. माझं उत्तर ऐकायला तिचा खडू मात्र थांबला.

"नाही हो," मी टेपला म्हटलं. "पात्याला मोठा खड्डा पडलाय म्हणतात. दोन दिवस तरी लागतील."

ताईने मान वर केली नाही. तिचा खडू पुन्हा चालायला लागला.